बिनगॅसच्या वड्या

अप्पामामाच्या मते जगातली निम्मी कामं करायची गरजच नसते आणि उरलेली निम्मी लोक चुकीच्या पद्धतीने करतात. हे मत त्याने रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरीला असतानाच बनवलं होतं. पण तिथे ते अमलात आणायचं तर वरिष्ठांची सही लागायची. निवृत्तीनंतर वरिष्ठ गेले आणि स्वयंपाकघर आलं. मामीवर खरी संक्रांत आली ती तेव्हा.

मामा आळशी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. सोप्या पद्धतीच्या शोधात असलेला माणूस म्हटला की लोकांना वाटतं, हा दिवसभर लोळत असणार. आळशी माणूस कामच करत नाही, त्यामुळे त्याचा कुणाला उपद्रव नसतो. मामाचं तसं नाही. पाच मिनिटांचं काम दोन मिनिटांत व्हावं म्हणून हा माणूस पहाटेपासून राबतो. लसूण सोलायची त्याची पद्धत म्हणजे पाकळ्या बरणीत घालून बरणी खुळखुळवायची. पहिल्यांदा केलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी भजन कुठे चाललंय ते बघायला वर आल्या होत्या. शर्टाच्या घड्या घालायला त्याने पुठ्ठ्याचं एक बिजागरीवालं यंत्र केलं. त्यात शर्ट नीट बसावा म्हणून त्याला आधी हाताने घडी घालावी लागते. आणि या सगळ्याची सुरुवात एकाच उद्गाराने होते: "सोप्पं आहे!" त्यातल्या 'प्प'वर जितका जोर, तितका मामीच्या पोटात गोळा.

नारळी पौर्णिमा हा मामाचा खास दिवस. त्या दिवशी तो आईकडून राखी बांधून घ्यायला डोंबिवलीहून आमच्याकडे ठाण्याला येतो. आणि त्या दिवशी आई ओल्या नारळाच्या वड्या करते, त्यांची कृती मामाला मान्य नाही. वड्या मान्य आहेत, दहा-बारा खातो. कृती मान्य नाही.

आईची कृती तिच्या आईची. दोन वाट्या खवलेला नारळ घ्यायचा. खवताना करवंटीला टेकायचं नाही, पांढरं तेवढं घ्यायचं आणि थांबायचं. दीड वाटी साखर, अर्धी वाटी साईचं दूध, जाड बुडाची कढई आणि मंद आच. मग हलवत राहायचं. मिश्रण आधी पातळ होतं, मग रटरटतं, मग हाताला जड लागतं. कडा सुटायला लागतात, आणि एका क्षणी सगळं कालथ्याभोवती गोळा होऊन त्याच्या मागे मागे फिरायला लागतं. तिथे गॅस बंद. वेलचीपूड घालून घोटायचं, तूप लावलेल्या ताटात थापायचं, वाटीच्या बुडाने सपाट करायचं आणि कोमट असतानाच सुरी फिरवायची. मिनिटभर आधी उतरवलं तर वडी चमच्याने खावी लागते, मिनिटभर उशीर झाला तर ताटात भुगा. आई घड्याळ बघत नाही. कढईचा आवाज बदलला की माजघरातूनही तिला कळतं.

मामाचा आक्षेप शास्त्रीय आहे आणि, खरं सांगायचं तर, बरोबरही आहे. कढईपाशी उभा राहून तो दरवर्षी नव्याने मांडतो.

"ताई, अर्धा तास तू नक्की काय करतेस? पाणी घालवतेस. ओल्या खोबऱ्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. त्यात तू वरून दूध ओततेस, म्हणजे आणखी पाणी. पाक एकशे बारा-पंधरा अंशांवर गेला की वडी पडते, आणि तो तिथे जावा म्हणून तू आपणच घातलेलं पाणी आपलाच गॅस जाळून उडवतेस. ह्याला आमच्या वर्कशॉपात काय म्हणायचे माहितेय?"

"आमच्यात ह्याला स्वयंपाक म्हणतात," आई म्हणते. "सर जरा, तूप घेऊ दे."

"आता हेच बघ, कोळीवाड्यात आज काय चाललंय? सोनेरी कागदात गुंडाळून दर्याला नारळ देतायत. दर्याने कधी गॅस पेटवला?"

"दर्या वड्याही करत नाही."

यातून मामाच्या बिनगॅसच्या वड्या जन्माला आल्या. पहिल्या वर्षीची कृती खरोखरच सोपी होती. दुकानात मिळतो तो कोरडा खोबऱ्याचा कीस, ज्यात पाणी जवळजवळ नसतंच. कंडेन्स्ड मिल्कचा डबा, ज्यातलं पाणी आधीच आटवलेलं. अडीच-तीन वाट्या कीस, एक डबा, वेलची. कालवा, थापा, फ्रीजमध्ये ठेवा, कापा. शाळांमधून बिनआगीच्या स्वयंपाकाच्या स्पर्धा असतात, त्यात सातवीतली मुलंही हे करतात आणि बक्षीस घेऊन घरी येतात. वड्या चांगल्या झाल्या होत्या. तोंडात टाकल्यावर आधी नुसतं गार लागायचं, मग गोड, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग उशिरा वाटलेल्या टपालासारखी वेलची यायची. पोरांना फार आवडल्या.

त्या यशाने मामा चढला. 2019 साली नारळी पौर्णिमा आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी आले. हा योग वाया घालवणाऱ्यांतला मामा नव्हे. तिरंगी वडी करायचं ठरलं. केशरी थराला केशर, मधला पांढरा आपोआप, आणि हिरव्याला काय? बाजारचा रंग नको, म्हणून पालकाचा रस. पालक उकडला तर गॅस लागणार, म्हणून कच्च्या पालकाचा. मधलं चक्र काढण्यापासून मामीने त्याला परावृत्त केलं, हे त्या दिवशीचं तिचं राष्ट्रकार्य. फ्रीजमधून काढली तेव्हा वडी देखणी होती असं मामी शपथेवर सांगते. पण डबा लोकलमधून आला, राखीच्या गर्दीत, मामाच्या पोटाशी धरलेला. ठाण्याला झाकण उघडलं तेव्हा तिन्ही थरांची राष्ट्रीय एकात्मता पूर्ण झाली होती. शेजारच्या काकूंनी एक तुकडा खाल्ला आणि विचारलं, "सूप आहे का?"

मामाला तिरंग्याचं काही लागलं नाही. लागलं ते आईचं बोलणं. तो नेहमीप्रमाणे आपल्या वडीत गॅस कसा लागत नाही ते समजावत होता. गेल बॉर्डन नावाच्या अमेरिकन माणसाने दूध आटवायच्या या पद्धतीचं पेटंट 1856 साली घेतलं, निर्वात भांड्यात दूध कमी तापमानाला आटतं, वगैरे. आई गव्हाचं पीठ चाळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आटतं ते ठीक आहे. पण आटवतात कशावर?"

मामा थांबला.

"म्हणजे शेगडी पेटली ती कारखान्यात. खोबरं वाळवलं तेही कारखान्यात. तुझ्या बिलात आलं नाही, एवढंच."

मामा त्या दिवशी वरणभातावरून लवकर उठला. ओवाळणीसुद्धा त्याने जाताना दिली नाही, गाडीतून मोबाइलवर पाठवली. आईच्या फोनवर पैसे जमा झाल्याची घंटी वाजली तेव्हा ती तबकातलं निरांजन विझवत होती.

पुढे मामाने शुद्ध बिनगॅसचं व्रत घेतलं. पदार्थाच्या उगमापासून ताटापर्यंत कुठेही आग नको. घरचा नारळ, घरी वाळवलेला. कंडेन्स्ड मिल्क बाद, दुधाची पावडर बाद. गोडाला मध, कारण मधमाश्या गॅस वापरत नाहीत. मधाने वडी धरेना, तेव्हा पिठीसाखर घ्यावी लागली. साखरही कारखान्यातच शिजते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. मामाकडे उत्तर तयार होतं: "साखर कारखान्यात बॉयलर बगॅसवर चालतो. उसाच्या चिपाडावर. गॅसवर नाही!" पश्चिम महाराष्ट्राच्या सहकार चळवळीला इतक्या अनपेक्षित बाजूने पाठिंबा क्वचितच मिळाला असेल.

घरचा नारळ म्हणजे रत्नागिरीच्या परसातला. तिथेही मामाची पद्धत पोचली आहेच. आजोबांनी लावलेले माड बाणवली जातीचे. बाणवली धरायला सहा-सात वर्षं घेतो, पण एकदा धरला की नातवंडांना पुरतो. भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे. तिथल्या माणसांनी बाणवलीच सुचवला असता, पण मामाने कुणाला विचारलंच नाही. त्याने एक बुटकं, नारंगी फळांचं रोप आणून लावलं, कारण ते तीन-चार वर्षांत धरतं आणि नारळ जमिनीवर उभं राहून काढता येतात. शिडी नको, पाडेली नको. धरलंही झकास. फक्त त्या जातीचा नारळ शहाळ्याचा. पाणी गोड, खोबरं मात्र वड्यांच्या कामाचं नाही. तेव्हा मामा त्या बुटक्या माडाखाली उभा राहून शहाळं पितो आणि शेजारच्या उंच बाणवलीवर चढायला पाडेल्याला पैसे देतो.

तर बाणवलीचे नारळ डोंबिवलीला आले. नारळ फोडून खवणं ही जुनी पद्धत. मामाने तीन डोळ्यांपैकी मऊ असतो तो शोधून पाणी काढलं आणि नारळ रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. त्यासाठी मामीने जानेवारीत सोलून ठेवलेला मटार बाहेर आला. घरात त्या आठवड्यात मटारची उसळ, मटारभात, मटारच्या करंज्या आणि अबोला असा बेत होता. सकाळी मामाने हातोडीने करवंटीवर गोल गोल ठोकलं आणि, इथे मात्र त्याला मानलं पाहिजे, करवंटी तुकड्या-तुकड्यांनी सुटून आत खोबऱ्याचा अख्खा गोळा निघाला. तपकिरी सालीचा, थंडगार, कुठेही न चिरलेला. तो हातात धरून मामा तिन्ही मजले फिरून आला. दार उघडणाऱ्या प्रत्येकाला त्याने तो दाखवला, हात लावू दिला, आणि "सोप्पं आहे" म्हणाला. खालच्या आजींनी गोळ्याला हळदकुंकू वाहिलं.

मग सोलाण्याने साल काढणं आलं. गोल, तेलकट, गार वस्तूची साल काढताना ती हातातून कशी निसटते ते मामीला विचारावं, कारण सोफ्याखालून गोळा ती काढत होती. मग मिक्सर. आणि मग वाळवण.

श्रावणात डोंबिवलीत खोबरं वाळवायचं! बाहेर झड लागलेली. खिडकीचे गज ओले, पापड सादळलेले, काड्यापेटी पेटत नाही. मामाने हॉलमध्ये जुनं धोतर पसरलं, त्यावर कीस पातळ पसरला आणि वर पंखा पाचावर लावला. पहिल्या दोन मिनिटांत कीस टीव्हीवर, गणपतीच्या फोटोवर आणि मामीच्या केसांत गेला. मामा घाबरला नाही. त्याने मच्छरदाणी आणली, चारी टोकं खुर्च्यांना बांधली आणि खोबरं आत घेतलं. त्या रात्री खोबरं मच्छरदाणीत झोपलं आणि मामा-मामी बाहेर.

सकाळी कीस होता तितकाच ओला होता आणि मामी लाल झाली होती, काही डासांनी, काही रागाने. सण दुसऱ्या दिवशी. गॅसवर कढईत दहा मिनिटं परतला असता तर विषय संपत होता, आणि मामीने तसं सुचवलंही. मामाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने एकादशीला मटण सुचवलं असावं. त्याने इस्त्री काढली. दोन पंचे घेतले, एकावर कीस पसरला, दुसरा वरून घातला आणि इस्त्री फिरवायला सुरुवात केली. वाफ निघाली. कीस खरोखर सुकायला लागला. पण खोबरं तापलं की पाण्याबरोबर तेलही सोडतं. ते आधी पंच्यांत उतरलं, मग इस्त्रीच्या पत्र्यावर चढलं. त्याच इस्त्रीने मामाने राखीसाठीचा पांढरा झब्बा केला. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला तेव्हा पाठीवर इस्त्रीच्या आकाराचे पारदर्शक डाग होते आणि अंगाला असा वास की लोकलमध्ये एका गृहस्थाने त्याला कोणतं केशतेल वापरता म्हणून विचारलं होतं.

वड्या नऊ झाल्या होत्या. मामाने त्या बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळून आणल्या होत्या. चवीला बऱ्या होत्या, इस्त्रीचा किंचित अंश सोडला तर. ओल्या नारळाचं न शिजवलेलं श्रावणात फार टिकत नाही, त्यामुळे त्या त्याच दिवशी संपवणं भाग होतं, आणि संपल्या. आई काही बोलली नाही. बोलली ती मामी.

"वन्सं, गॅस एक पैशाचा लागला नाही हं. पंखा अठरा तास, फ्रीजर एक रात्र, मिक्सर, इस्त्री. आणि भांडी म्हणाल तर लग्नघरची. ह्यांची बिनकामाची वडी निघाली, की काम कुणाकडे जातं ते मला कळायला लागलंय."

आईने मामीकडे नीट पाहिलं. या दोघी नणंद-भावजय एरवी एकमेकींशी जपून बोलतात. त्या दिवशी दोघी बराच वेळ स्वयंपाकघरात होत्या आणि हसण्याचे आवाज येत होते. मामा बाहेर आम्हाला, पुढच्या वर्षी खोबऱ्याला हेअर ड्रायर कसा लावता येईल, ते सांगत होता.

यंदा आईने गॅसच पेटवला नाही. राखी बांधली, औक्षण केलं, पेढा भरवला. वड्यांचं नाव नाही. मामा जरा अस्वस्थ झाला. वाद घालायला कढई नाही म्हणजे सण सुनाच. मग आई आतून टोपली घेऊन आली. सोललेले सहा नारळ होते. ते तिने त्याच्यासमोर ठेवले आणि विळीशेजारी बसून सुस्कारा टाकला.

"अप्पा, माझे खांदे धरलेत रे. नारळ खवायची एखादी सोपी पद्धत आहे का?"

मामाचे डोळे चमकले. "आधी नाही का विचारायचं? सोप्पं आहे! ऊठ तू तिथून."

विळीखाली त्याने पाट सरकवला, पाटाखाली घडी घातलेलं पोतं. खवणीची उंची चुकीची असते म्हणून खांदे धरतात, हा त्याचा सिद्धांत. नारळ हातात फिरवत तो वाटीच्या कडेकडून आत यायला लागला. एका वेळी फक्त मनगट, दंड नाही, श्वास सोडताना खाली. "पांढरं तेवढंच घे हं," आई म्हणाली. "पांढरंच घेतोय. बघ, करवंटीला टेकतसुद्धा नाही." पहिला नारळ झाला. "कळलं?" मामाने विचारलं. आईने कपाळाला आठी घातली. "मनगटाचं नीटसं नाही कळलं. परत दाखव बघू." दुसरा झाला. तिसऱ्याला मामीला मध्येच एक शंका आली. चौथा आणि पाचवा मामाने स्वतःच्या हौसेने केला, कारण आता त्याला आणखी सोपी पद्धत सुचली होती. सहाव्याला झब्बा घामाने भिजला होता आणि परातीत पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याचा ढीग लागला होता. त्यात तपकिरी कण शोधून सापडला नसता.

"इतका सोपा विषय," मामा दंड चोळत म्हणाला, "आणि बायका जन्मभर राबतात."

आईने कढई चढवली. मामा कढईपाशी उभा राहून पाण्याच्या अंशाबद्दल बोलला, आईने त्याला सरायला सांगितलं, आणि वड्या दरवर्षीसारख्या खुटखुटीत झाल्या. त्याने बारा खाल्ल्या.

निघताना मामी चपला घालत होती. मामाने डबा पिशवीत ठेवला. मामी सहज म्हणाली, "अहो, माळ्यावरची ती पितळेची भांडी काढून घासायचीत गणपतीसाठी. एवढी जड. सोपी काही पद्धत नसेलच म्हणा त्याला."

मामा दारातच थांबला. एक पाय चपलेत, एक बाहेर.

"नसेल कशी? सोप्पं आहे. वर्कशॉपात आम्ही इंजिनं उचलायचो." तो आईकडे वळला. "ताई, तुझ्याकडे कप्पी आहे का? आणि पंधरा-वीस फूट दोरी?"